म्हाताऱ्याचं गंध

लोक पिराकडे मागायला जातात. आमच्या समोरची चांगुणाकाकी पिराला झापायला जायची.

दर गुरुवारी ऊन कललं की ती लुगड्याचा काचा घट्ट करून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात अगरबत्तीचा पुडा घेऊन गल्लीतून निघे. खाजणाच्या टोकाला पिराचा दर्गा. तिथे पोचली की अगरबत्ती मुजावराच्या हातात द्यायची, दाराबाहेरच्या पायरीवर बसायचं आणि उघड्या दारातून आतल्या मजारीकडे बघत खणखणीत आवाजात सुरुवात करायची, "म्हाताऱ्या, आयकतंस का? का तूबी आमच्या महेंद्रासारका कानान बोंडं घालून बसलास?"

महेंद्र हा तिचा एकुलता एक मुलगा. बंदराच्या रस्त्यावर त्याचे ट्रेलर चालतात, त्यामुळे कानातली ती मोबाइलची बोंडं त्याला झोपेतही काढता येत नाहीत. त्याची तक्रार झाली की मग बाकीच्यांची. "पान्याचा टँकर आला नाय. दर्या मागं लोटलास बोलतात, मंग नलाला काय झालं? गुडघ्याचं तुना मागच्या टायमाला सांगितलं, काय केलास? बसलाय नुसता चादरी पांघरून."

शेजारी मुंबईहून आलेली एखादी बाई डोक्यावर ओढणी घेऊन मुसमुसत बसलेली असे, ती रडायची थांबून काकीकडे पाहत राही. असली भक्ती तिने पाहिलेली नसे. बाहेरच्यांच्या लेखी पीर म्हणजे मोठा साहेब, त्याच्यापुढे अर्ज वाकून द्यायचा असतो. काकीच्या लेखी तो घरातला म्हातारा होता. कोपऱ्यात बसून असतो, काडीचं काम करत नाही, पण त्याच्या कानावर घातल्याशिवाय घरात पान हलवायचं नाही.

मी जवळच्या हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणजे काकीच्या मते मला काहीच येत नाही. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे तिचं तोंड आणि माझे कान यांचा संबंध माझ्या जन्मापासूनचा. ती जाऊन आता दुसरा पावसाळा आला. गल्लीत इतकी शांतता आहे की तिची मला अजून सवय झालेली नाही.

दर्ग्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर काकी कळायची नाही. पीर कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही. फळकुटावर बसून खाडीतून वाहत आला म्हणतात, आणि आमच्या खाडीतून आजही जे काय वाहत येतं ते पाहता हे अगदीच अशक्य नाही. एका उधाणाला मिठागराचा बांध फुटला, तेव्हा पीर त्या भगदाडात जाऊन उभा राहिला आणि पाणी थांबलं. ओहोटी लागली असेल म्हणून थांबलं, असं मी एकदा काकीला म्हणालो होतो. "मंग तू रव ना उबा पुढच्या टायमाला, ओहोटी लागंपर्यंत," असं ती म्हणाली, आणि तेव्हापासून मी हा विषय काढलेला नाही. तर पाणी थांबलं, पण कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने पिराच्या पायांची चाळण झाली आणि जखमांत खारं पाणी गेलं. त्या वेळी काकीच्या सासरच्या कुणा पूर्वजाच्या बायकोने सहाणेवर चंदन उगाळून ते त्याच्या पायांना लावलं.

म्हणून उरुसाला मजारीवर जो संदल चढतो, त्याचं गंध या आगरी घरातलं. त्याच सहाणेवर, घरच्या बाईने, हाताने उगाळलेलं. घरच्या पुरुषाने गंधाचा वाडगा हिरव्या फडक्याखाली डोक्यावर घ्यायचा, ढोल-ताशात, लोबानाच्या धुरात गावभर मिरवत न्यायचा आणि मुजावराने ते गंध मजारीला लावायचं. मजारीला लावून उरलेलं गंध वाडग्यातून उगाळणाऱ्या बाईकडे परत येतं. ते तिचं. काकी ते स्वतःच्या गुडघ्यांना लावी. लोक हात पसरत, चिमूटभर द्या म्हणत, पण काकी कुणाला नखभर देत नसे. "उगालाला नाय आलास तो," एवढंच म्हणे.

आता गंमत बघा. ज्याच्या पायांना बाईने हाताने गंध लावलं म्हणून हे सगळं सुरू झालं, त्याच्याच दारावर हिरव्या रंगात पाटी आहे, 'औरतों का अंदर आना मना है'. जिवंतपणी पिराला बायकांचं वावडं नव्हतं, मेल्यावर तो लाजायला लागला असावा. ही पाटी कधीपासूनची, असं विचारलं तर सगळे छातीठोकपणे सांगतात की पहिल्यापासूनची. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचा मोबाइल नंबर आहे.

काकी बरोबर त्या पाटीखाली बसायची. तुला आत जावंसं वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. "कनाला?" ती म्हणाली. "हितनं माजा आवाज जातो. माजं गंध जातं. मी जाऊन काय लादी पुसू?"

मुजावर इस्माईलचाचा हा काकीच्या बरोबरीचा, किरकोळ अंगाचा आणि कमालीचा सोशिक माणूस. काकी त्याला इस्माल्या म्हणे, तो तिला वयनी म्हणे, आणि उभ्या आयुष्यात या दोघांचं कशावरही एकमत झालेलं मी पाहिलं नाही. गंध पातळ झालं, असं तो म्हणायचा. गुलाबपाणी तू ओततोस आणि नाव माझं घेतोस, असं ती म्हणायची. तो मोरपिसांचा कुंचा भाविकांच्या डोक्यावरून फिरवी तेव्हा ही पायरीवरून ओरडे, "हलू रं, ते मानसाचं डोकं हाय, जालं झारतंस काय?" एखाद्या गुरुवारी ती आली नाही तर मात्र चाचा संध्याकाळी खाटकाकडे निघाल्यासारखं करून आमच्या गल्लीतून चक्कर मारी आणि मला विचारी, "मास्तर, वयनीची तबियत बरी हाय ना? आज दर्ग्यात लई शांत वाटला." खाटकाचं दुकान आमच्या गल्लीत नाही.

या पिराला नवस मिठाचा. पूर्वी मिठागरातलं पहिलं मीठ निघालं की ओंजळभर इथे आणून ठेवत. आता मिठागरांच्या जागी कंटेनर एकावर एक रचून ठेवलेत, त्यामुळे दर्ग्याबाहेरच्या टपरीवर मिठाच्या प्लास्टिक पिशव्या विकायला असतात आणि भाविक त्या वाहतात. पिराला आता आयोडीन मिळतं.

नवं वाहन घेतलं की तेही पिराला दाखवायचं, ही इथली रीत. बंदराच्या रस्त्यावरचा कुठल्याही धर्माचा गाडीमालक असो, नवा ट्रेलर आधी देवळापुढे उभा करतो, नारळ फोडतो, मग दर्ग्याकडे आणून आरशाला हिरवं फडकं बांधून घेतो. दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं, विम्यासारखं. महेंद्रने पहिला ट्रेलर घेतला तेव्हा झेंडूच्या माळांनी मढवून तो दर्ग्यासमोर आणला. चाचाने दुवा मागितली, फडकं बांधलं, मलिदा वाटला. काकी पायरीवर बसून बराच वेळ आत बघत काहीतरी पुटपुटत होती. आई आपल्यासाठी एवढं मागते आहे हे बघून महेंद्रचे डोळे भरून आले.

"आये, काय मागलास गं?" त्याने विचारलं.

"मी बोल्ले, म्हाताऱ्या, या गारीचं सोर. रस्त्यावरच्या मानसाना सांबाल."

महेंद्रचे डोळे जागच्या जागी सुकले. पण आजपर्यंत त्याच्या एकाही गाडीखाली कुणी आलेलं नाही, आणि याचं श्रेय तो ड्रायव्हरला देत नाही, पिराला देतो.

निवडणुका आल्या की काकीचा भाव वधारायचा. आगरी घरातलं गंध पिराला जातं, हे एकदा कुणा पुढाऱ्याच्या कानावर गेलं आणि तो फोटोग्राफर, चादर आणि पांढरी टोपी असं सगळं साहित्य घेऊन ओटीवर हजर झाला. 'एकात्मता' हा शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारला की ती कुणी बाई असून मागून येते आहे असं काकीला वाटलं असावं, कारण ती दाराकडे बघत होती. मग त्याने सहाणेवर चंदन उगाळतानाचा फोटो हवा म्हणून मांडी ठोकली. खोड त्याने उलट्या टोकाने धरलं होतं आणि सहाणेवर पाणीच नव्हतं. नुसता करकर आवाज येत होता, फोटोग्राफर वा वा म्हणत होता. काकीने त्याला निवांत करकर करू दिलं. तो गेल्यावर सहाण धुऊन ती मला म्हणाली, "मास्तर, फोटून वास येतो का रं?" मी नाही म्हणालो. "मंग बरं हाय," ती म्हणाली. तो फोटो पुढे मोठ्या फलकावर लागला, त्यात काकीचा एक कोपर आला होता.

पण काकीच्या आयुष्यातलं खरं रामायण झालं ते जवळ्याचं.

महेंद्रची बायको प्रणाली माहेरची कळंबोलीची. एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी करते, कामाला वाघ आहे, आणि सासूशी वाद घालताना आवाज चढवत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुन्हा. त्या वर्षी उरुसाच्या तोंडावर काकी दर्ग्याच्याच पायरीवरून घसरली आणि तिचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. घरची बाई म्हणजे आता प्रणाली. काकीने तिला सहाण दाखवली, खोड दाखवलं, वाडगा दाखवला आणि आतल्या खोलीत कण्हत पडली. प्रणालीला त्या दिवशी रजा नव्हती. सहाणेवर वाडगाभर गंध उगाळायला सकाळपासून दुपार होते, हे तिच्या लक्षात आलं, आणि शिकलेल्या माणसाला असं काही लक्षात आलं की तो लगेच सोपा उपाय काढतो. तिने बाजारातून चंदनाची पूड आणली, गुलाबपाणी घातलं आणि मिक्सरला लावून दिली. दोन मिनिटांत वाडगा भरला. त्यावर हिरवं फडकं घालून ती ऑफिसला गेली.

आदल्या दिवशी त्याच भांड्यात सुक्या जवळ्याची चटणी वाटली होती. भांडं धुतलेलं होतं. पण जवळा धुण्याला दाद देत नाही, हे आगरी घरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

संध्याकाळी संदल निघाला. ढोल, ताशे, फटाके, लोबानाचा धूर. महेंद्रच्या डोक्यावर वाडगा. चौकापर्यंत सगळं ठीक होतं. चौकात मासळीवाल्यांच्या फळ्यांखालून एक मांजर निघालं आणि महेंद्रच्या मागे चालू लागलं. मग दुसरं. मग कौलांवरून, गटारातून, मशिदीच्या मागून, देवळाच्या पारावरून, गावात होती नव्हती तेवढी मांजरं शेपट्या उभारून मिरवणुकीत सामील झाली आणि अत्यंत भाविकपणे दर्ग्यापर्यंत गेली. मुंबईच्या मंडळींनी मोबाइल काढले. एक जण तर गदगदून म्हणाला, "सुभानल्ला, बेजुबान भी आ गए!"

आत मजारीच्या खोलीत दारं लावून चाचाने फडकं काढलं, गंध लावायला सुरुवात केली, आणि लोबानाचा धूर जसजसा विरला तसतशी खरी गोष्ट त्याच्या नाकाशी आली. खोलीत हवा नव्हती. त्याने तसंच, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, सगळं गंध लावलं, फातिहा म्हटली आणि उरलेलं घेऊन स्वतः काकीच्या घरी आला. मी तेव्हा तिथेच होतो. काकीने वाडगा नाकाशी नेला आणि तिचा चेहरा बघून मला वाटलं, मनगटापाठोपाठ आता ही बाईच जाते.

"इस्माल्या," ती म्हणाली, "लावलास?"

"लावला, वयनी."

"यो?"

"मंग दुसरा कुठून आणू? आन् वयनी, खरा सांगू का? एवढी वर्सं बाबांना नुसता गुलाबपाणी पाजला. खाडीवरचा माणूस हाय. आज पहिल्यांदा गावचा जेवण पोचला."

पुढचे काही गुरुवार मुंबईहून लोक मांजरांसाठी दूध घेऊन येत होते. चाचाने ते कुणाला अडवलं नाही आणि खरं काय ते कुणाला सांगितलं नाही. काकी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून पायरीवर जाऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पिराने माफ केलं असावं. काकीने सुनेला मात्र केलं नाही. त्या दिवसापासून प्रणालीला सहाणेला हात लावायची बंदी झाली. आमटीत मीठ कमी पडलं तरी काकी म्हणे, "मिक्सरनी घातलास का?" नात नापास झाली तरी दोष मिक्सरचा. प्रणाली सहाण असलेल्या कोपऱ्यात केर काढतानासुद्धा हात आवरून काढायची, ते मी माझ्या खिडकीतून पाहत असे, आणि मला तिचं वाईट वाटे.

आणि इकडे काकीची बोटं वाकायला लागली होती. दर उरुसाला गंध थोडं कमी होई. चाचा म्हणे, "पुरतो, वयनी," आणि काकी त्याच्यावर खेकसे. आपल्यामागे सहाणेवर कुणी बसणार नाही, हे तिला कळत होतं. सुनेला ती बसू देणार नव्हती. म्हाताऱ्याच्या पायांचं काय होणार, एवढीच तिला काळजी होती, आणि ती तिने कुणाला बोलून दाखवली नाही. पिरालाही नाही.

तिच्या शेवटच्या उरुसाच्या आधी गावात मोठी प्रगती झाली. आमच्या पोरांचं एक मंडळ निघालं. त्यांच्या असं लक्षात आलं की हिंदू घरातलं गंध दर्ग्यात जाणं बरं नाही. तिकडे चाचाचा पुतण्या रियाज आखातातून परत आला. त्याच्या असं लक्षात आलं की संदल, ढोल, चादरी हे सगळं दीनमध्ये, म्हणजे धर्मात, कुठेच नाही. दोन्ही बाजू वर्षभर एकमेकांशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पण या एका मुद्द्यावर ते नाक्यावरच्या चहाच्या टपरीत एकत्र बसले, एकमेकांना कटिंग पाजला आणि अर्ध्या तासात ठराव झाला, की यंदापासून संदलाची मिरवणूक बंद. गावात हिंदू-मुस्लिम ऐक्य मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच. सरपंचांना तर भरून आलं. कसलाही तंटा न होता निर्णय झाला, असं ते ज्याला त्याला सांगत होते.

महेंद्र घरी येऊन म्हणाला, "आये, या वर्सी राहू दे. मनाबी धंदा करायचा हाय हतं."

"कर की," काकी म्हणाली. "मी तुना कवा बोलले, उगालाला बस?"

उरुसाच्या दिवशी महेंद्रला अचानक पनवेलला काम निघालं. ढोलवाले आले नाहीत. गल्लीत एक पताका नाही. काकीने सकाळी आंघोळ करून सहाण ओटीवर घेतली आणि ती उगाळायला बसली. मी समोर पेपर तपासत होतो, म्हणजे पेपर हातात धरून तिच्याकडे बघत होतो. दुपार होत आली तरी वाडग्याचा तळ झाकला नव्हता. खोड बोटांतून निसटायचं, ती परत धरायची. शेवटी ते हातातून सुटलं आणि गडगडत ओटीखाली गेलं. मी शिवीची वाट पाहिली. काकी काहीच बोलली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती सहाणेकडे बघत बसली. तिच्या तोंडची शिवी न ऐकून मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात आतून प्रणाली आली. अंग दुखतंय म्हणून तिने रजा घेतली होती, असं ती म्हणत होती. अंग दुखणारं माणूस सकाळीच केस धुऊन तयार होत नाही. ती ओटीखाली उतरली, खोड शोधलं, धुतलं, हात धुतले आणि सहाणेसमोर बसली.

"मिक्सर कुठं हाय?" काकी म्हणाली.

"बिघडलाय," प्रणाली म्हणाली.

काकी काठीने सहाणेच्या कडेवर टोकरून म्हणाली, "गोल फिरव. जोर खांद्यातनं दे. पानी कमी. अगं कमी, काय मोरी धुतंस?"

उन्हं कलेपर्यंत ते चाललं होतं. काकीचं तोंड सुटलं होतं आणि प्रणालीचा हात थांबत नव्हता. मधे एकदा मी चहा नेऊन दिला, तेव्हा पाहिलं, तिच्या तळहातांना फोड आले होते आणि त्यातले काही फुटले होते. तिने ते पदरात झाकले. वाडगा भरला.

वाडगा डोक्यावर घेणारा घरचा पुरुष पनवेलला होता. प्रणालीने हिरवं फडकं घातलं, वाडगा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि चालू लागली. पुढे काठी टेकत काकी. मिरवणूक म्हणून कुणी बोट दाखवू नये इतपत अंतर ठेवून मागे मी. चौकात मंडळाची पोरं मोटारसायकलींवर बसून रस्ता अडवून होती. काकी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आलाव का? बरं झालं. ढोल कुठं हाय?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ठराव मिरवणुकीचा होता. दोन बायका आणि एक मास्तर यांचं काय करायचं, ते ठरलेलं नव्हतं. शिवाय त्यातल्या निम्म्यांच्या गाड्यांना हिरवी फडकी बांधलेली होती. एकाने गाडी मागे घेतली, मग सगळ्यांनी घेतल्या.

दर्ग्याच्या फाटकात रियाज उभा होता. हात मागे बांधून तो अदबीने म्हणाला, "खाला, ये सब अपने दीन में नहीं है. आप समजून घ्या."

"रियाज," काकी म्हणाली, "तू व्हत नव्हतास तवा तुज्या आयशीनी हतं जालीला धागा बांधला. मीच दावली व्हती जागा. अजून हाय त्यो. गाठ सोरू का?"

रियाज जाळीकडे बघत राहिला. मग तो बाजूला झाला. त्याचे कान लाल झाले होते, आणि त्या क्षणी तो मला आवडला.

चाचा दारात वाटच बघत होता. त्याने वाडगा घेतला आणि जवळ्याच्या वर्षापासूनची सवय म्हणून आधी वास घेतला. "वयनी," तो म्हणाला, "आज नुसता चंदन हाय." तो आत गेला, आणि काकी पाटीखाली, आपल्या पायरीवर बसली. प्रणाली शेजारी उभी राहिली. आतून फातिहा ऐकू येत होती. त्या दिवशी काकीने पिराला एक अक्षर सुनावलं नाही.

चाचाने उरलेलं गंध आणून वाडगा काकीच्या मांडीवर ठेवला. आता ती लुगडं वर करून गुडघ्यांना लावणार म्हणून मी सवयीने दुसरीकडे पाहिलं.

"हात दाव," असं ऐकू आलं म्हणून परत वळलो. काकीने प्रणालीला हाताला धरून खाली बसवलं होतं. तिचे तळहात उघडून ती ते फोड निरखून पाहत होती. मग तिने वाडग्यातलं सगळं गंध, बोटाने निपटून, त्या दोन्ही तळहातांवर थापलं.

"चुरचुरतंय?"

"हो."

"चुरचुरू दे. म्हाताऱ्यालाबी चुरचुरला असंल. पुढच्या वर्सापर्यंत भरून येतील."

प्रणालीचे हात गंधाने भरले होते, डोळे पुसायचीही सोय नव्हती. वाडग्यात गुडघ्यांसाठी काही उरलं नव्हतं. उठताना काकीने काठी बाजूला ठेवली आणि सुनेचा खांदा धरला.